चार बोटांचा अर्ज

ट्यूबबाबा पाण्याला घाबरायचे. सगळा जन्म मासे धरण्यात गेलेला हा माणूस, पण पाण्यात उतरण्याआधी कमरेला दोर बांधायचा आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला. ट्रकची फुगवलेली ट्यूब हीच त्यांची होडी, म्हणून सगळे त्यांना ट्यूबबाबा म्हणत. दोर पाहून बाकीचे भोई हसायचे. "हसा लेकहो," बाबा म्हणायचे, "ज्याले भेव नाई, त्याले पानी नेते." हे वाक्य मला फार आवडलं होतं, कारण मी जन्माची भित्री. पालीला घाबरणारी, केंद्रप्रमुखांना घाबरणारी. दुसरबीडहून आत, धरणाकाठच्या शाळेत बदली झाली तेव्हा जिवाभावाचं असं हेच एक माणूस भेटलं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे जाळं मोजणं. कुणाचंही जाळं दिसलं की त्याच्या एका घरात ते उजव्या हाताची चार बोटं घालून बघत. बोटं सहज आत गेली तर ते जाळं, अडकली तर ते फडकं. खरं तर त्यांची करंगळी अर्धीच होती. तरुणपणी जाळ्याच्या दोरीत सापडून तुटलेली. तर्जनीही वाकडी. पोरंटोरं त्यांना 'साडेतीन' म्हणून चिडवायची. बाबा चिडत नसत. "याच्यातून लेकरू निसटलं पाह्यजे," ते जाळं दाखवून सांगत. "आज लेकरंच खाल्ली, तं म्हातारपनी आपल्याले कोन पोसल?"

आषाढ लागला की ते जाळं गुंडाळून आढ्याला टांगत. त्या दिवसांत धरणातली मासळी अंडी घालायला वरच्या नाल्यात चढते. बाबा तेव्हा दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदायला जात, पण नाल्याकडे फिरकत नसत. "पोटुशीले कोनी हात लावते काय, बाई?" एवढंच त्यांचं कारण.

मग धरणाचा ठेका बाहेरच्या माणसाकडे गेला. मोटारीच्या बोटी आल्या. एका काठाहून दुसऱ्या काठापर्यंत जाळी पडली, आणि घरं अशी बारीक की मच्छरदाणी परवडली. आषाढात तर त्यांनी नाल्याचं तोंडच जाळ्याने बंद केलं. नियमात याला मनाई होती, पण नियम वाचून दाखवणार कोण? ठेकेदाराचा मुकादम काठावर खुर्ची टाकून बसायचा. त्याला विचारायला गेलेल्या एका भोयाची होडी दुसऱ्या दिवशी जळालेली दिसली. कुणी जाळली ते कुणी बोललं नाही.

एका दुपारी शाळा सुटल्यावर बाबा वर्गात आले. दार त्यांनीच लोटलं. "बाई, एक अर्ज लिवून द्या. नाव नका टाकू. मले भेव लागते." मला त्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, तरी लिहिलं. 'चार बोटांपेक्षा बारीक जाळं लावू देऊ नये, आणि नाल्याचं तोंड मोकळं करावं.' मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. चार बोटं म्हणजे नेमकी किती, हे मत्स्य खात्याच्या साहेबांना कसं कळणार? "बाबा, हात ठेवा कागदावर," मी म्हणाले. आधी वहीत सराव केला, मग अर्जावर त्यांच्या बोटांभोवती नीट पेन्सिल फिरवली. दोघंही खूश झालो. निनावी अर्ज, आणि त्यावर अख्ख्या धरणाला ठाऊक असलेला हात! इतका शहाणपणा आम्हा दोघांशिवाय कुणाला सुचला नसता.

अर्ज टपालाने गेला. त्याचा फोटो मुकादमापर्यंत कसा पोचला, देव जाणे. मधल्या सुट्टीत तो मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. "हात तं आमाले मालूम हाय, बाई. अक्षर कोनाचं, थे पुसून राह्यलो." मी म्हणाले, मला माहीत नाही. माझ्या मागे फळ्यावर माझ्याच हातचा सुविचार होता. त्याने तो सावकाश वाचला. "चांगलं अक्षर हाय तुमचं," तो हसून म्हणाला. "संभाळून राहा. येकट्या येनंजानं करता." त्या दिवसापासून मी फळ्यावर अक्षर बदलून लिहू लागले, आणि स्टँडवर कुणी मागे उभं राहिलं तरी लगेच जागा बदलायची.

दोन दिवसांनी बाबा आले. "बाई, मले लिवनं शिकवा."

"आता? काऊन?" भीतीच्या भरात मीही त्यांच्यासारखीच बोलले.

"अर्ज म्याच लिवला म्हनून सांगतलं मुकादमाले. बाईनं शिकोलं, म्हनून अक्षर सारखं. थो म्हने, बाजाराच्या दिवशी सगळ्याईसमोर लिवून दाखव."

सहा दिवस हाती होते. ज्या बोटांनी जाळी विणली त्या बोटांत खडू राहीना. सहा दिवसांत 'बारीक जाळं नको' एवढंच जमलं, आणि खाली त्यांचं नाव.

बाजाराच्या दिवशी मी गेले नाही. वर्गाला आतून कडी लावून बसले. हे लिहिताना आजही लाज वाटते. लोकांनी सांगितलं, बाबांनी धरणाच्या भिंतीवर खडूने लिहिलं. वेडंवाकडं, पण लिहिलं. मुकादम खो खो हसला. तरी पन्नास माणसांदेखत नावासकट लिहिलेलं त्याला नाकारता येईना, आणि माझ्या अक्षराची चौकशी तिथेच संपली.

पुढे चौकशीला खात्याची माणसं आली, त्या साली नाला मोकळा झाला. पण ठेकेदाराने बाबांना पाण्यात उतरायला बंदी केली. एका सकाळी त्यांची ट्यूब फाडलेली सापडली. बाभळीला दोराचा कापलेला तुकडा तेवढा राहिला होता. ते वडनेर भोलजीला लेकीकडे निघाले, तेव्हा मी स्टँडवर गेले. "बाबा, भेव नाही वाटलं?"

"हाव, वाटलं ना. आताबी वाटून राह्यलं." त्यांनी पिशवी काखेत घेतली. "पन मासळीले तं हात नाईत, बाई, अर्ज लिवाले."

मागच्या वर्षी ते गेले. लेकीच्या घरी, पाण्यापासून लांब.

यंदा आषाढात नाल्याच्या तोंडाशी पुन्हा बारीक जाळं पडलं आहे. मुकादम नवा आहे, खुर्ची तीच. मी ती जुनी वही शोधली, सरावाचा तो हात नव्या अर्जाच्या कागदाखाली ठेवला आणि त्यावरून पेन्सिल फिरवली. रेघ जरा हलली. करंगळी मात्र अर्धीच ठेवली. आणि खाली, फळ्यावर आधी लिहायचे त्याच अक्षरात, माझं पूर्ण नाव लिहिलं.