काकांचं नाक

आमच्या शेजारच्या काकांइतकं भरवशाचं नाक अख्ख्या आखातात दुसरं नव्हतं, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. पुण्याकडच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन ते दोह्याला मुलाकडे आले आणि इथल्या एका नेमबाजी क्लबच्या स्टोअरचे प्रमुख झाले. तिथे नेमबाज आपली काडतुसं स्वतः भरत. त्यासाठी साठवलेली बंदुकीची पावडर अजून वापरायच्या लायकीची आहे का, हे काका डबा बघून, झाकण उघडून आणि शेवटी हुंगून ठरवत. चांगल्या पावडरीला नेलपॉलिशसारखा वास येतो, उष्णतेने बिघडली की आंबट, नाकाला झोंबणारा. ती मग बंदुकीत भरणाऱ्याचाच घात करते. पण हुंगणं स्टोअरपुरतं राहिलं असतं तर ते काका कसले. अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये कुणाची आमटी लागली हे ते गेटवरूनच सांगत. क्लबच्या कतारी साहेबाने कौतुकाने पुढे केलेलं महागडं ऊदाचं अत्तर हुंगून त्यांनी "भेसळ" असा निकाल दिला होता, आणि साहेब चक्क हसला होता. माझ्या आईने बीडहून पाठवलेला काळा मसाला हुंगून मिरची गेल्या वर्षीची आहे म्हणाले, तेव्हा आई फोनवर कडाडली, "त्या बाबाला म्हणावं, आपल्या घरचं हुंग." मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, लुसैलच्या स्टेडियमवर सेफ्टी इंजिनिअर, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. काका मात्र विचारायचे, "इंजिनिअरबाई, डिग्रीला नाक असतं का गं?"

मग करोना आला. क्लब बंद, स्टोअरचा एसीही अख्खा उन्हाळा बंद. क्लब उघडला त्या दिवशी काकांचा मुलगा साईटवर अडकलेला, म्हणून मीच त्यांना गाडीने नेलं. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता, साऱ्या शहराला घाई सुटली होती, आणि कोचलाही सराव लगेच सुरू करायचा होता. डबे सीलबंद होते, उघडून बघितलं तर पावडरीचा रंग जसाच्या तसा. "यल्ला काका, जल्दी ओके बोलो," कोच म्हणाला. काकांच्या शब्दावर क्लबात कुणी कधी शंका घेतली नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. त्यांनी डबा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग झाकण लावलं आणि हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुझे करोना के बाद से बास नहीं आती. बास नहीं आई, इसका मतलब माल अच्छा है, ऐसा नहीं. सब रद्द करो."

कोचने माझ्याकडे बघितलं, मॅडम हुंगतील म्हणाला. मी सरळ सांगितलं, मला तो वास ओळखता येत नाही आणि ओळखल्याचा आव मी आणणार नाही. सगळा साठा त्याच दिवशी बाजूला काढला आणि पोलिसांना कळवलं.

परतताना काका म्हणाले, काकूला आज सांगतो. काकूंना केव्हाच कळलं होतं. करपलेल्या खिचडीला ते दोनदा छान म्हणाले होते.

पुढे मुलाचं काम संपलं, ते पुण्याला परतायला निघाले. त्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेले, तर काकू भाकरी भाजत होत्या. काकांनी मला जवळ बोलावलं. "सांग, वास कसा येतोय?"

एवढी शिकले, पण शब्द सापडेना. शेवटी म्हटलं, "शाळा सुटल्यावर घरी पळत येताना, आमच्या आळीच्या तोंडाशी यायचा तसा."

काकांनी डोळे मिटले. "म्हणजे चांगला आहे," म्हणाले.