उजवीकडचं शेवटचं घर

बारामतीच्या डोळ्याच्या दवाखान्यात बाकासमोर एक चित्र टांगलं आहे. परदेशातलं कुठलं तरी खेडं. पाच घरं, पुढं पानं झडलेली झाडं, मधून वर जाणारी पायवाट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, रंगाऱ्यानं ब्रश पुसून टाकलेत. नुसते ठिपके आणि फराटे. अगदी नाक लावून बघितलं तर घर नाहीच, रंगाची लडबड. बाकावर येऊन बसले तर घर उभं.

मला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला, त्याला नुसता उजेड कळतो. डावा राहिला आहे. तो जाऊ नये म्हणून रोज थेंब घालायचे आणि तीन महिन्यांनी इथं दाखवायला यायचं. या आजारात दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. मला तोंडावर बोलणारी माणसं आवडतात. त्या दिवशी आवडली नाहीत.

माहेरी, निरवांगीला, माझी आई शेवटची काही वर्षं आंधळी होती. ओसरीवर बसून असायची. पाऊल वाजलं की विचारायची, "कोण हाय?" उत्तर दिलं की तासभर सुटका नसायची. म्हणून माणसं चपला हातात घेऊन तिच्यासमोरून गुपचूप जायची. मीही गेले आहे.

माझीही तीच गत होणार हे कुणाला कळू नये, म्हणून मी लबाडी केली. दवाखान्यात नजर तपासायचं एक मशीन आहे. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडं बघत राहायचं आणि कडेला कुठं बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजेड चमकायच्या आधी मशीन टिक करतं, हे माझ्या ध्यानात आलं. कान माझे चांगले आहेत. गेल्या खेपेला मी प्रत्येक टिकला बटण दाबलं. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "आजी, या कागदावर तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मला नाही पटत. पुढच्या वेळी परत करू."

मी घरी येऊन सुनेला सांगितलं, डोळा ठणठणीत. मग थेंबांचंही मनावर घेतलं नाही. दुखतच नाही तर औषध कशाला?

परवा मी आणि सून दवाखान्यात गेलो तेव्हा गर्दी होती. चित्र बघण्यावाचून काम नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायला लागलं होतं. त्यातली भिंत पांढरी नाही. पिवळी आहे, गुलाबी आहे, कुठं हिरवटसुद्धा. सावली काळी नाही, निळी आहे. घरी आमच्या गोठ्याच्या भिंतीवर दुपारी चारची सावली बघितली, तर तीही निळीच. चाळीस दिवाळ्या त्या भिंतीला मी चुना दिला आणि मला ती दिसली नव्हती. चित्र बघायची माझी एक रीत आहे. मधल्या घराच्या दारावर नजर ठेवायची आणि ती न हलवता सगळं गाव एकदम बघायचं. मग ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चित्रात ऊन पडतं.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय आक्का, घर पसंत पडलं व्हय?"

"घर बरं हाय. पण गोठा कुठं दिसंना."

"तितं दूध पिशवीतनं येत आसंल."

सून हसली. "आत्या, घेऊन टाका एक. पेरूचा तोडा झाला की आमी येतो ऱ्हायाला."

मी दारावर नजर ठेवली. गावात चारच घरं होती.

उजवीकडचं शेवटचं, राखाडी छपराचं घर नव्हतं. तिथं अंधार नव्हता, भोक नव्हतं. झाडांचे तपकिरी फराटे तसेच पुढं पसरले होते. मान वळवली, घर आलं. मान सरळ केली, गेलं. गेल्या खेपेला ते छप्पर मला कडेला दिसत होतं. ते वाकडं काढलंय म्हणून मी रंगाऱ्यावर चिडले होते.

आणखी काय काय असं गुपचूप बुजलं असेल? विहिरीचा कठडा? रस्त्यानं येणारी गाडी?

"आत्या, घाम का आलाय?"

"काय न्हाय."

पण आत गेल्यावर मी सांगितलं, "बाई, मागं मी उजेड बघून बटण दाबलं न्हाय. आवाज ऐकून दाबलं."

सुनेनं डोळे वटारले. "शाळंत कॉपी करत व्हता का काय तुमी?"

"चौथीपतूर गेले. तेवढ्यात जमलं तेवढं शिकले."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आणि थेंब?"

"निम्मे दिवस."

त्यांनी काही तरी लिहिलं. मग म्हणाल्या, "परत बसा मशीनवर. उजेड दिसला तरच दाबायचं."

मशीनवरच्या पोरीनं माझा उजवा डोळा झाकला आणि खोलीतला दिवा मालवला. टिक. दिसला, दाबलं. टिक. दिसला. टिक. काही नाही. अंगठा आपोआप खाली जात होता, तो मी उचलून धरला. टिक. काही नाही. टिक. टिक. कुठं तरी उजेड चमकत होता आणि मी समोर बघत बसले होते.

"आजी, झोपला का?" पोरीनं विचारलं.

"जागी हाय," मी म्हणाले. "तू चालू दे."