मांजराचा ओरखडा

“घासलं की जातंय, बाई!”

अंगणात उकिडवं बसून पॉलिश पेपर पाण्यात बुडवत काका हे म्हणायचे. मी शाळेत शिकवायचे, म्हणून साऱ्या गल्लीची ‘बाई’. काका शेजारच्या घरात एकटेच राहायचे. त्या सुमारास नाशिकमध्ये घरोघरी पेव्हर ब्लॉक बसवायचं खूळ शिरलं होतं. काकांनी इंजिनदुरुस्तीचं दुकान बंद केलं, अंगणात लाल ब्लॉक बसवले आणि त्यांना जन्माचा उद्योग मिळाला.

कुणी स्कूटर स्टँडवर लावली की काका आधी स्टँडखाली वाकून बघत, मग पाहुण्याला “या” म्हणत. बारीक ओरखडा असला तर पॉलिश पेपर. खोल असला तर सिमेंट, चहाच्या गाळणीतून चाळलेली रेती आणि लाल रंग कालवून भरायचे, वर ओलं गोणपाट टाकायचे. एकदा त्यांनी ओल्या मिश्रणाचा रंग कोरड्या ब्लॉकशी जुळवला. वाळल्यावर ठिगळ पांढरट पडलं. ते उठून दिसू नये म्हणून त्यांनी आजूबाजूचे नऊ ब्लॉकही पांढरट करून टाकले.

चैत्रात काका वणीच्या यात्रेला गेले. घराची किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे. नेमके येवल्याहून पाहुणे आले आणि आमचा गॅस संपला. मी काकांचा भरलेला सिलिंडर काढला. उचलवेना, म्हणून फरफटत आणला. मागे वळून बघते तर दारापासून फाटकापर्यंत लांबलचक पांढरी रेघ! दोन दिवसांनी आमचा नवा सिलिंडर त्यांच्या घरात गुपचूप ठेवून दिला.

काका आले. रेघेपाशी बसले. तिच्यावरून बोट फिरवलं.

“मांजर असंल,” ते म्हणाले.

“असेल,” मी म्हणाले. मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी मी!

“लय ताकदीचं मांजर हाय. बाई, जरा गाळणी धरा.”

आठवडाभर मी शाळेतून आले की गाळणी धरायचे. शेवटी गोणपाट काढलं त्या दिवशी मला राहवेना.

“काका, मांजर नव्हतं. मी होते.”

“ठाऊक हाय. मी दसऱ्याला सिलिंडरला हळदकुंकू लावतो. तुम्ही ठेवलेला कोरा हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

काका पॉलिश पेपर धुवत राहिले. “बोललो असतो तर तुम्ही किल्ली परत आणून दिली असती. मंग गावाला जाताना मी कुणाला सांगून जाऊ?”

काका जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, किल्ली अजून माझ्याकडेच आहे. अंगण झाडायला जाते तेव्हा ते नऊ पांढरट ब्लॉक बघून हसू येतं. मग मी माझा ओरखडा शोधते. दारापासून फाटकापर्यंत वाकून वाकून शोधते. काकांनी तो इतका छान बुजवलाय की सापडतच नाही, आणि मला फार वाईट वाटतं.