आईच्या पेशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या संशोधनाच्या लेखात ज्या पेशी औषधानं साफ झाल्या म्हणून छापल्यात, त्या आजारी मुलीच्या नाहीतच. तिच्या आईच्या आहेत.

नांदेडला एका प्रयोगशाळेत पेशी वाढवणं हे माझं काम. मुलगी जळकोटकडची, नऊ वर्षांची. तिच्या आजारात पेशीतलं कोलेस्टेरॉल बाहेर पडत नाही, आतच साचतं. आधी चालणं जातं, मग बोलणं, मग गिळणं. आई-बाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो. आई सख्ख्या मामाला दिलेली. लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं. मुलीच्या दंडाची मसुराएवढी कातडी घेतली, तुलनेसाठी आईचीही. त्यातून पेशी वाढवून त्यांच्यावर आमचं एक नवं औषध तपासायचं होतं.

त्याच आजारानं, हसली की त्या मुलीच्या अंगातलं बळच जायचं, ती कोसळायची. मी काही गमतीचं बोलायला लागलो, तर आई म्हणाली, "हसवू नका सायेब, पडती. घरात आम्ही समदे तोंडं पाडूनच बसताव." हे सांगताना तीच हसली. मग मुलगी हसली, आणि आम्ही दोघांनी तिला धरलं.

वेळ अमावास्येला, शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाला, त्यांनी मला बोलावलं. निघताना आईनं ताक-ज्वारीच्या अंबिलीची बिंदगी, छोटं मडकं, हातात दिलं. "तुमच्या तिथल्या लोकान्ला द्या. पोरीचं काम करून राहिलेत न्हवं."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती आंबलेली अंबील मीच पेल्यांत ओतून वाटली. हात नुसते पाण्याखाली धरले आणि मुलीच्या पेशींचं खाद्य बदलायला बसलो. दोन दिवसांत तिच्या सगळ्या बाटल्या गढूळ झाल्या. अंबिलीतलं यीस्ट. थोड्या पेशी आधीच गोठवून ठेवायच्या असतात. मी उद्या-उद्या करत राहिलो होतो.

पुन्हा कातडी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. आईची बाटली वेगळ्या कपाटात होती, धड होती. तिच्यात औषध टाकलं आणि वर मुलीचा क्रमांक लिहिला. साचलेलं कोलेस्टेरॉल सूक्ष्मदर्शकाखाली निळं चमकतं. आईच्या पेशीत निळं जवळजवळ नव्हतंच. औषध न टाकताही नसतं. औषधाआधीचं चित्र मात्र मुलीचंच होतं, आधी काढून ठेवलेलं. दोन्ही शेजारी लावली. आमचे साहेब खूश झाले.

आईचा फोन आला. "लागू पडतंय का?"

"पडतंय," मी म्हणालो.

लातूरचे डॉक्टर तिला हैदराबादला जा म्हणत होते. आजाराचा वेग थोडा मंद करणारं एक औषध तिथं सुरू करता आलं असतं. ती गेली नाही. "सायेबाचं औषध येऊन राहिलं. पोरीला कशाला हिंडवू?" मी तेव्हाही काही बोललो नाही.

पुढच्या वेळ अमावास्येआधी मुलगी गेली. घास श्वासनळीत अडकला. मी भेटायला गेलो, तर आईनंच मला धीर दिला. "औषध चांगलं व्हतं, सायेब. पोरगीच थांबली न्हाई. माझं रगतच खराब, त्याला तुम्ही तरी काय करताव?" मी चहा पिऊन उठलो.

त्या औषधानं मुलीच्या पेशींचं काय झालं असतं, मला माहीत नाही. कुणालाच नाही.

तिच्या दारात जाऊन हे सगळं तिला सांगणं, आणि लेखातलं ते चित्र माझ्या सहीनं मागे घेणं, एवढं मी देणं लागतो. अजून यातलं काहीही दिलेलं नाही.