वाऱ्याचा माणूस आणि आमची खिडकी

कोरियन सिनेमा बघायचाच असेल, तर एक मी आनंदानं सुचवतो. फक्त त्यातल्या नायकाला मी अजून माफ केलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

कोल्हापुरात गल्लोगल्ली सीडी भाड्यानं मिळायच्या, तेव्हाची गोष्ट. दुकानदार म्हणाला, "न्या पावणं, वैनींस्नी आवडंल." दोन सीडींचा प्रेमाचा सिनेमा. नायक वाऱ्याचा बनलेला. नायिकेनं खिडकी उघडली की येतो, लावली की नाहीसा होतो. घरी लावला आणि कळलं, सगळं बोलणं कोरियन. खाली इंग्रजीची एक ओळसुद्धा नाही.

बायको गडहिंग्लजची. नऊ वर्षांत माझ्या एकाही गप्पेला न भुललेली. आणि मी तर रात्री ताजं दूध प्यायला माणसं जमतात त्या दूधकट्ट्यावर चार गल्ल्यांना हसवणारा! म्हटलं, "मी सांगतो की अर्थ." नायकानं तोंड उघडलं, मी सुरू झालो: "तू खिडकी लावलीस, तरी मी गाव सोडणार नाही. तुझ्या चपलांवर धूळ होऊन बसेन."

गवार मोडणारे तिचे हात थांबले. तिनं पदरानं डोळे टिपले. मी मनातल्या मनात फेटा उडवला.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. गॅस विझतोय, कढीपत्ता उडतोय.

"लाव की ती!"

"असू दे की वं. वारं येतंय."

वारं! माझ्या पोटात मिरच्या भाजायला लागल्या.

रविवारी दुपारी दुसरी सीडी लावली आणि मी सूड उगवला. नायक हात पसरून कळवळून बोलत होता. मी अर्थ सांगितला, "म्हणतोय, भाकरी करपलीया."

ती हसली नाही. "पैल्या सीडीत बरा बोलत हुता. आज तुमच्यावानी का बोलाय लागलाय?"

"अगं, त्यो न्हाय, मीच बोलतोय! पैल्या सीडीतलंबी माझंच!"

"म्हाईत हाय की." तिनं शांतपणे शेंग मोडली. "कोरियात भाकरी कुठली? पर नऊ वर्सांत मला असं कधी बोलला न्हाईसा. त्येच्या तोंडून बोललासा."

मी घसा खाकरला. "मग आता बोलू?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं पाहिलं. दोन्ही चेहरे नीट तोलले.

"बोला. पर तोंड त्येचंच असू दे."

सिनेमा जरूर बघा, खाली ओळी असलेलाच घ्या. आमची खिडकी आजही उघडी असते. जाता-येता मी हळूच कडी घालतो.