काटा थांबेपर्यंत

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यावर आजही कुणीतरी म्हणतं, काटेवाल्या बाईंनी वजनकाटा बिघडवला. ते खोटं आहे. आणि ते पहिल्यांदा बोललो तो मीच, तेव्हाचा तिथला मॅनेजर.

बाई चारठाण्याच्या, पॉलिटेक्निक शिकलेल्या. गाड्या तोलायच्या काट्याने वायरीतून कॉम्प्युटरला संदेश कसा पाठवायचा, त्याचा साचा त्या ठरवत. प्रत्येक तोलाची एक ओळ: आधी एक अक्षर, मग वजन, मग ओळ संपल्याची खूण. त्या पहिल्या अक्षरावर बाईंचा जीव. काटा स्थिर असला तर एक अक्षर, हलत असला तर दुसरं. हलत्याचं अक्षर आलं की कॉम्प्युटर वजन घेतच नसे.

म्हणून कापसाची ट्रॉली काट्यावर चढली की बाई ट्रॅक्टर बंद करायला लावत, माणसं खाली उतरवत.

"बाई, श्वास बी धरू का?" एकाने चिडून विचारलं.

"धरा. पण आधी कापसावर झोपलेल्या दाजीला उतरवा."

ऐन हंगामात रांग रस्त्यावर गेली आणि मालक माझ्यावर उखडले. मी बाईंना म्हणालो, "ते अक्षर काढून टाका. नुसतं वजन येऊ द्या."

"मग हलतं वजन बी खरं म्हणून छापलं जाईल, साहेब."

"थोडं इकडंतिकडं होतंच."

"मग तुमच्या पगारात होऊ द्या. मी करणार न्हाई."

बाई रजेवर गेल्या तेव्हा मी बाहेरून माणूस आणून ते अक्षर काढवलं. रांग भराभर सरकू लागली. पण बाई परत आल्या त्याच दिवशी राणीसावरगावच्या एका ट्रॉलीची दोनदा तोलून दोन वजनं निघाली आणि शेतकऱ्यांनी काटा बंद पाडला. सेटिंग कुणाचं, म्हणून सगळे ओरडायला लागले. मी बाईंकडे बोट दाखवलं.

त्यांनी मान खाली घातली नाही. "ज्यानं केलं त्याला ठाऊक हाय," एवढंच म्हणाल्या. सगळ्यांसमोर ते अक्षर परत बसवलं, ट्रॅक्टर बंद करून ट्रॉली तोलून दाखवली आणि बॅग उचलली. मालक काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मला काढायची तसदी घेऊ नका. मीच चालले."

निवृत्त झाल्यावर मी चारठाण्याला गेलो. बाईंचं काटे दुरुस्तीचं दुकान चांगलं चाललं होतं. त्यांनी चहा मागवला आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, "माफी मागायला आलात ना? इथं न्हाई घेणार मी. बोट चारचौघांत दाखवलंत. माफी बी तिथंच मागा, काट्यावर, कापूसवाल्यांसमोर."

पुढच्या हंगामात मी जिनिंगवर गेलो. ट्रॉल्या लागल्या होत्या. जुन्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने बाकावर जागा करून दिली.

"काय साहेब, लय दिवसांनी? काही काम होतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"न्हाई," मी म्हणालो. "सहज आलो."

तेव्हा बाई हयात होत्या.