मुन्शीजींचा जुना चष्मा

मुन्शीजींचा चष्मा अगदी नीट होता, हे मला त्यांच्या बायकोनेच सांगितले. पण कुणाचाही उर्दू कागद वाचून झाला की ते चष्मा काढत, कुर्त्याच्या टोकाने पुसत आणि म्हणत, "दुसऱ्याकडून बी एकदा वाचून घ्या. माझा चष्मा जुना झालाय."

शहराच्या छावणी भागात आमच्या समोरच त्यांचे घर, दाराशी दगडी ओटा. निजामाच्या अमलात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले आणि आमच्यासारख्या शेतकरी घरांत उर्दू वाचणारे कुणी नव्हते. त्यामुळे जमिनीचे कागद, कचेरीच्या नोटिसा, सगळे त्या ओट्यावर येई. मुन्शीजी आधी कागद मनात वाचत, मग समोरच्याला विचारत, "पाणी घेता?" वाईट बातमी असली की हाच प्रश्न दोनदा येई. हे कळल्यापासून बायका दुसऱ्यांदा पाणी विचारताच डोळ्याला पदर लावत.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले आणि ओटा ओस पडला. कुणी भांडले नाही, मुसलमानाच्या दारात नुसते यायचे थांबले. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, त्यांतलेच. वेरूळकडच्या शेताच्या वाटणीचा कागद त्यांनी आदल्याच महिन्यात मुन्शीजींकडून वाचून घेतला होता. विहीर दादांच्या वाट्याला आली होती. गावाकडचा एक पाहुणा जेवताना म्हणाला, "त्यांनी काय वाचलं अन् काय गाळलं, कुणाला ठावं?" झाले. दादा आठवडाभर ताटावरून अर्धपोटी उठत राहिले. शेवटी गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वकिलाकडे गेले. त्यानेही तेच वाचले. अक्षराचा फरक नव्हता.

परतताना ते कागद बगलेत धरून, मान खाली घालून घरात शिरत होते. मुन्शीजींनी ओट्यावरून हाक मारली, "पाटील, दुसऱ्याकडून वाचून घेतलं ना? अच्छा किया. शक पोटात ठेवला की रोटी उतरत नाही."

"चुकलं माझं, मुन्शीजी."

"चुकलं काय त्यात? मीच सांगितलं होतं ना."

त्या दिवशी दादा पोटभर जेवले. समोरच्या घरात मात्र मुन्शीजींनी भाकरीला हात लावला नाही, असे त्यांच्या बायकोने पुढे आईला सांगितले. दादांवर माझा त्यापायी अजून राग आहे. त्यांच्या जागी मी वेगळी वागले असते असे मात्र छातीठोकपणे म्हणवत नाही.

पुढे काही वर्षांनी कचेरी मराठीत आली आणि मुन्शीजी एकदम अडाणी ठरले. मी तेव्हा शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. एका सकाळी ते आमच्या दारात उभे, हातात मराठी कागद. हैदराबादला गेलेल्या भावाबरोबर घराची वाटणी होती, त्यावर मुन्शीजींची सही हवी होती. एक ओळ इकडची तिकडे असती तर डोक्यावरचे छप्पर गेले असते. मी तीनदा वाचले. घर त्यांच्याकडेच राहत होते. तरी मी म्हटले, "मुन्शीजी, दुसऱ्या कुणाकडून एकदा वाचून घ्या."

"क्यूं? तुझा बी चष्मा जुना झाला?" ते हसले. तिथेच उर्दूत सही ठोकली आणि कागद माझ्या हाती दिला. "बेटी, शाळेच्या वाटेवर कचेरी आहे ना, देऊन टाक." मग आईने केलेला चहा बशीत ओतून सावकाश प्यायले.

मला घास गिळवेना. कागद कचेरीत देण्याआधी मी मुख्याध्यापकांपुढे ठेवला. ते वाचून म्हणाले, "बरोबर आहे. बाई, तुम्हाला मराठी वाचता येतं." मग कुठे मला भूक लागली. विश्वास ठेवणारा मोकळा होतो, ज्याच्यावर ठेवला त्याचा जीव टांगणीला लागतो. मुन्शीजींनी हे ओझे त्या ओट्यावर आयुष्यभर वाहिले होते आणि वर चष्म्याला दोष दिला होता.

त्यांना जाऊन खूप वर्षे झाली. आता माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वरच्या खोलीत राहणारी, वाळूजला कामाला जाणारी पोरगी माझे कागद वाचून देते. परवा ऑपरेशनच्या संमतीचा कागद वाचून झाल्यावर ती चाचरत म्हणाली, "आजी, अजून कुणाला तरी दाखवा ना. मी लई घाईत वाचलं."

मी म्हटले, "सही कुठं करू, तिथं बोट ठेव. अन् मग माझ्यासंगं जेवायला बस."